आपल्याच वेबसाइटवर हल्ला करून बघायचा, तर आधी काय ठरवायचे?



आपल्या घरांतली मुले-मुली आता मोठ्या संख्येने संगणक सुरक्षेकडे वळू लागली आहेत. भोपाळमध्येच मॅनिट आहे, राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालय आहे, सिहोरच्या रस्त्यावर खाजगी विद्यापीठे आहेत. शिवाय पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेलेली मुले सुट्टीत घरी येतातच. त्यांच्यापैकी कुणीतरी गणेशोत्सवाच्या मांडवात सहज म्हणतो, "काका, आपली वेबसाइट हॅक होते का, बघू का एकदा?" काकांनाही कौतुक वाटते आणि ते म्हणतात, "बघ बाबा, तुझ्यासारख्यांनी नाही बघायचे तर कुणी?"

मुलाचा हेतू चांगला आणि काकांचाही. पण या दोन वाक्यांमध्ये जी कागदपत्रे, जी चर्चा आणि जी तयारी व्हायला हवी, ती राहून जाते. तिच्याविषयी हा लेख आहे. आपल्यापैकी काहीजण पतसंस्था, शाळा, दवाखाने, छोटे कारखाने चालवतात. त्यांनाही हे उपयोगी पडावे. संगणकाची फारशी ओळख नसलेल्यांनाही समजेल अशा भाषेत आम्ही लिहिले आहे. जाणकारांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

रायगडाची गोष्ट

पेनिट्रेशन टेस्ट म्हणजे मालकाच्या परवानगीने, ठरलेल्या मर्यादेत, खऱ्या हल्लेखोराच्या पद्धतीने केलेला हल्ला. हेतू एवढाच की खऱ्या चोराच्या आधी आपल्याला खिंडार सापडावे. या धंद्यातले लोक तिला नुसते 'पेन टेस्ट' म्हणतात.

मराठी माणसाला ही कल्पना नवी नसावी. रायगड बांधून झाल्यावर महाराजांनी सभा भरवून पैज लावली, अशी आख्यायिका आहे. मुख्य दरवाजाने न येता जो कुणी गड चढून येईल, त्याला मोहरांची थैली आणि सोन्याचे कडे मिळेल. एक महार तरुण पुढे आला, चढून गेला आणि त्याने निशाण लावून दाखवले. महाराजांनी त्याला बक्षीस दिले आणि तो ज्या वाटेने चढला ती वाट बंद करवली. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्येही ही गोष्ट आली आहे. हिरकणीची कथा तर सर्वांना पाठच आहे. पण हिरकणी परवानगी काढून उतरली नव्हती, ती बाळासाठी उतरली. आजच्या भाषेत सांगायचे, तर तिने योगायोगाने कच्चा दुवा दाखवून दिला आणि तिथे बुरूज उभा राहिला.

पैजेच्या गोष्टीत मात्र चाचणीचे सारे सामान आहे. गड ज्याचा त्यानेच हुकूम दिला आणि तोही चारचौघांत, त्यामुळे तटावरच्या पहारेकऱ्याने त्या तरुणावर गोळी झाडण्याचा प्रश्न नव्हता. काय वर्ज्य आहे ते आधीच सांगितले होते. यशाची खूण ठरली होती: निशाण लावायचे, कोठार फोडून दाखवायचे नाही. आणि खिंडार सापडल्यावर ते बुजवले गेले. यातली एकही गोष्ट वगळली, तर तो तरुण आणि गडावर चढणारा शत्रू यांच्यात पहारेकऱ्याने फरक कसा करायचा?

ही काळजी आपल्याला कशाला, असे वाटत असेल तर

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस को-ऑपरेटिव्ह बँकेच्या कार्डांची नक्कल करून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत हजारो व्यवहार झाले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ साली स्थापन झालेली, मध्यमवर्गीय मराठी घरांच्या विश्वासाची ही बँक. आपल्यातल्या कित्येकांचे पुण्याचे काका-मामा तिचे खातेदार आहेत. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने तेव्हा लगेच जाहीर केले होते. घाव बसला होता तो एटीएम आणि बँकेची मुख्य यंत्रणा यांच्यामधल्या दुव्यावर. कार्ड खरे का, खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न एटीएम 'स्विच' नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेला विचारते. हल्लेखोरांनी तिथे आपली खोटी यंत्रणा बसवली आणि ती परस्पर "हो, द्या पैसे" असे उत्तर देत राहिली. मुख्य यंत्रणेपर्यंत प्रश्न पोचलाच नाही.

दुव्याची ही बाब लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आपल्या भोपाळचे उदाहरण तर सर्वांनी भोगलेले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या ई-नगरपालिका पोर्टलवर सायबर हल्ला झाला. ४१३ नगरीय निकायांचे काम त्या एकाच पोर्टलवर चाले. मालमत्ता कर, पाण्याचे बिल, जन्म-मृत्यूचे दाखले, सगळे अडकले आणि नगर निगमच्या खिडकीवर पुन्हा कागद-पेन आले. त्या आधी २०१८ मध्ये ई-टेंडरचे प्रकरण गाजले होते आणि एप्रिल २०१९ मध्ये आर्थिक गुन्हे विभागाने गुन्हा नोंदवला होता. पुढे न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले, त्यामुळे कुणाकडे बोट दाखवण्याचा प्रश्न नाही. पण तेव्हाच्या बातम्यांत 'चाचणीसाठी दिलेली डेमो खाती' हे शब्द आले होते, आणि त्या शब्दांसाठीच आम्ही ते इथे आठवतो. चाचणीसाठी उघडलेले दार चाचणी संपल्यावर कोण बंद करणार, हे आधी लिहून ठेवावे लागते.

आपल्या संस्थेकडे कोट्यवधी रुपये नाहीत, हे खरे. पण वधू-वर नोंदणीत मुलींचे फोटो, जन्मतारखा, पगार आणि घरचे पत्ते आहेत. देणगीदारांचे पॅन क्रमांक आहेत. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठ सभासदांचे फोन नंबर आहेत, आणि 'डिजिटल अरेस्ट' करणाऱ्या भामट्यांना नेमकी तशीच यादी हवी असते.

परवानगी कोण देणार?

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये शब्द स्पष्ट आहेत: मालकाच्या किंवा त्या संगणकाचा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीवाचून त्यात शिरणे, माहिती उतरवून घेणे, काम बंद पाडणे, या सगळ्यासाठी भरपाई द्यावी लागते. तेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारने 'संरक्षित' म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणेत शिरले, तर कलम ७० खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "माझा हेतू चांगला होता" हे मुलाला न्यायालयात सिद्ध करता येईलही. पण तोवर त्याची कॅम्पस मुलाखत, पासपोर्ट आणि पोलीस पडताळणी यांचे काय झालेले असेल, याचा विचार घरच्यांनी करावा.

म्हणून परवानगी लेखी हवी, आणि ती देण्याचा ज्याला अधिकार आहे त्याचीच हवी. आपल्यासारख्या संस्था मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेल्या असतात. तिथे कार्यकारिणीचा ठराव आणि त्याआधारे अध्यक्ष-सचिवांची सही, हा सरळ रस्ता आहे. मांडवातल्या काकांचे "बघ बाबा" पुरेसे नाही. काका माजी कोषाध्यक्ष असले तरी नाही!

अधिकाराचा हा प्रश्न किती अवघड होऊ शकतो, याचे अमेरिकेतले एक उदाहरण या क्षेत्रात सगळे सांगतात. आयोवा राज्याच्या न्यायालयीन प्रशासनाने कोलफायर नावाच्या कंपनीला आपल्या सुरक्षेची चाचणी करायला नेमले होते. त्यात इमारतींत शिरून बघण्याचेही काम होते. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीचे दोघे कर्मचारी मध्यरात्रीनंतर डॅलस काउंटीच्या न्यायालयात शिरले. भोंगा वाजला, पोलीस आले. दोघांनी पळ न काढता आपले परवानगीपत्र दाखवले. पण काउंटीच्या शेरीफचे म्हणणे पडले की इमारत काउंटीची आहे, राज्याला ही परवानगी देण्याचा अधिकारच नाही. दोघे तुरुंगात गेले आणि त्यांच्यावर घरफोडीचा आरोप लागला. आरोप पूर्णपणे मागे घ्यायला जानेवारी २०२० उजाडला. पत्र होते, सही होती, पैसे ठरले होते. सही करणारा आणि इमारतीचा मालक मात्र वेगळे निघाले.

आपल्याकडे हा घोटाळा वेबसाइटच्या होस्टिंगमध्ये होतो. बहुतेक संस्थांची साइट 'शेअर्ड होस्टिंग'वर असते. म्हणजे एकाच सर्व्हरवर आपली साइट, शेजारी कुणाची मिठाईची, पलीकडे एखाद्या कोचिंग क्लासची. आपण आपल्या खोलीची परवानगी देऊ शकतो, पण वाडा आपला नाही. चाचणीचा भार सर्व्हरवर पडला, तर शेजाऱ्यांचीही दुकाने बंद होतात. म्हणून होस्टिंग कंपनीच्या अटी आधी वाचाव्यात, आणि गरज असेल तर तिची लेखी संमती घ्यावी. ॲमेझॉनसारख्या मोठ्या क्लाउड कंपन्या ठरावीक सेवांवर ग्राहकाला आगाऊ न विचारता चाचणी करू देतात, पण सेवा कोलमडवणारे हल्ले त्यांनाही चालत नाहीत. देणगी घेण्यासाठी जोडलेले पेमेंट गेटवे, एसएमएस पाठवणारी कंपनी, गूगलचे फॉर्म, हे सारे दुसऱ्यांचे. त्यांना हात लावायचा नाही.

हद्द आखणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. चाचणी दोन दिवसांत होईल, पण हद्द ठरवायला दोन आठवडे लागले तरी हरकत नाही.

पहिला प्रश्न: आपल्याला भीती कशाची आहे? "सगळे तपासा" हे उत्तर नव्हे. आपल्या बाबतीत भीती अशी असू शकते: सभासद नसलेल्या माणसाला वधू-वर नोंदणीतली माहिती दिसेल का? एका सभासदाला दुसऱ्याची देणगी-पावती उघडता येईल का? मुखपृष्ठावर कुणी भलताच मजकूर टाकू शकेल का? प्रश्न असे नेमके केले की चाचणी करणाऱ्यालाही कळते की वेळ कुठे घालवायचा.

यातला पावतीचा प्रश्न जरा उलगडून सांगतो, कारण छोट्या संस्थांच्या साइटवर हा दोष फार दिसतो. आपण लॉगिन करून आपली पावती उघडतो आणि पत्त्याच्या पट्टीत शेवटी १०४१ असा आकडा दिसतो. तो पुसून १०४२ लिहिला आणि जोशीकाकूंची पावती, त्यांच्या पॅन क्रमांकासह, उघडली तर? दार उघडताना किल्ली मागितली, पण आत आल्यावर कुठल्या कपाटाला हात लावतो हे कुणी पाहिले नाही. हे तपासायला चाचणी करणाऱ्याला दोन साध्या सभासदांची खाती लागतात. एका खात्यातून दुसऱ्याचे कपाट उघडते का, हे त्याला बघायचे असते. ही खाती खऱ्या सभासदांची नसावीत. 'चाचणी-१', 'चाचणी-२' अशी नवी बनवावीत, त्यांची अखेरची तारीख ठरवावी, आणि ती कोण पुसणार त्याचे नाव लिहावे. ई-टेंडरच्या वेळचे ते शब्द आठवा.

मग यादी. कोणते डोमेन, कोणते उप-डोमेन, कोणते ॲप, सर्व्हरचा आयपी पत्ता कोणता. हे अंदाजाने लिहू नये. आयपी पत्त्यातला एक आकडा चुकला की आपली चाचणी तिऱ्हाइताच्या दारावर जाते. जुन्या गोष्टीही आठवून लिहाव्यात: पाच वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनासाठी बनवलेली आणि नंतर विसरलेली नोंदणीची साइट अजून चालू आहे का? चोर बहुधा तिकडूनच येतो. आणि दुवे. आपली साइट कुणाशी बोलते, कुणाकडून उत्तर घेते, ते एका कागदावर चित्र काढून दाखवावे. कॉसमॉसच्या प्रकरणात घाव दुव्यावर बसला होता, हे वर सांगितलेच. दुव्याचे पलीकडचे टोक दुसऱ्याचे असले, तरी आपल्या बाजूचे टोक आपलेच असते. गेटवेकडून "पैसे मिळाले" असा निरोप आला, तर आपली साइट तो खरा आहे का हे पडताळते का? हे तपासणे आपल्या हद्दीत बसते.

आता काय करायचे नाही, ते. सर्व्हर कोलमडेल इतका मारा नको. सभासदांना फसवे मेल किंवा फोन करून बघणे नको. ज्येष्ठ मंडळींना त्याचा त्रास होतो, आणि पुढच्या वेळी संस्थेचा खरा मेलही ते उघडणार नाहीत. कार्यालयात कुलूप उघडून शिरणे नको. पासवर्ड ओळखण्याचे हजारो प्रयत्न नकोत, कारण त्यात खऱ्या सभासदांची खाती बंद पडतात. काही मोठ्या संस्था या गोष्टी मुद्दाम करवून घेतात, पण त्यासाठी लागणारी तयारी आपल्याकडे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपोआप चालणाऱ्या स्कॅनरबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. ही फुकट मिळणारी साधने साइटवरचा प्रत्येक दुवा दाबतात आणि प्रत्येक फॉर्म भरून पाठवतात. 'संपर्क' हा फॉर्म भरला की सचिवांना मेल जात असेल, तर सकाळी सचिवांच्या मेलमध्ये चार हजार पत्रे असतात. फॉर्ममागे एसएमएस जात असेल तर त्याचे बिल येते. आणि ॲडमिनच्या खात्यातून स्कॅनर चालवला, तर 'काढून टाका' हाही त्याच्या दृष्टीने एक दुवाच असतो. तो तोही दाबतो. म्हणून ॲडमिन खात्यातून स्कॅनर चालवायचा नाही, फॉर्म वगळायचे, वेग कमी ठेवायचा, हे लेखी असावे.

शक्य असेल तर चाचणी प्रतिकृतीवर करावी: तीच साइट, तसाच सर्व्हर, पण आत खोटी नावे आणि खोटे फोटो. प्रतिकृती खऱ्या साइटसारखीच असायला हवी, नाहीतर दोष तिथे दिसणार नाहीत आणि आपण निश्चिंत होऊन बसू. आणि प्रतिकृती बनवताना सोयीसाठी खऱ्या सभासदांची माहितीच तिच्यात भरली, तर पहारा नसलेली दुसरी तिजोरी आपण स्वतःच उघडली असे होते.

दिवस, वेळ आणि फोन नंबर

मुहूर्त बघण्यात आपण तरबेज आहोत, इथेही तो बघावा. गणेशोत्सवाचे दहा दिवस, दिवाळी अंकाची नोंदणी, वधू-वर मेळाव्याच्या आधीचा पंधरवडा, हे टाळावे. पतसंस्थांनी ३१ मार्चच्या आगेमागे आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात करू नये. रात्री साइटवर गर्दी नसते हे खरे, पण काही बिघडले तर फोन उचलणारेही कुणी नसते. आमच्या मते कामाच्या दिवशी, दुपारची वेळ ठीक.

त्या वेळी फोनवर तिघे हवेत: संस्थेकडून निर्णय घेऊ शकणारा एक, वेबसाइट सांभाळणारा एक, आणि चाचणी करणारा. प्रत्येकाचा पर्यायी नंबरही लिहावा. 'थांबा' म्हणण्याचा अधिकार तिघांनाही, आणि कुणीही थांबा म्हटले की आधी थांबायचे, कारण नंतर विचारायचे. चाचणी कोणत्या आयपी पत्त्यावरून होणार ते आधी कळवलेले असावे. त्याच दुपारी खरा चोर आला तर तो वेगळा ओळखू यावा, यासाठी हे लागते. चाचणी करणाऱ्याने काय केले, किती वाजता केले, याची नोंदवही ठेवावी.

आदल्या दिवशी बॅकअप घ्यावा, आणि तो परत चढवून पाहावा. बॅकअप आहे असे सगळेच सांगतात. तो उघडतो का, हे फार थोड्यांनी पाहिलेले असते.

आणखी दोन प्रसंगांचे काय करायचे, तेही आधीच ठरवावे. एक: चाचणीत खऱ्या सभासदांची माहिती समोर आली. तेव्हा पुराव्यापुरती एक नोंद, नाव-नंबर झाकून, टिपायची आणि पुढे जायचे. सगळी यादी उतरवून "बघा, एवढी निघाली" असे दाखवायचे नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये आला आहे, आणि लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे. दोन: आपल्या आधीच कुणीतरी आत शिरून गेल्याच्या खुणा सापडल्या. तेव्हा चाचणी तिथेच थांबते आणि ती घटना ठरते. काहीही पुसायचे नाही, आणि केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवायचे. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. आर्थिक फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक आहेच.

अहवाल हातात आल्यावर

अहवालात प्रत्येक दोष कुठे आहे, किती गंभीर आहे, कसा सापडला आणि कसा दुरुस्त करायचा, हे हवे. नुसती स्कॅनरमधून छापलेली दोनशे पाने कुणी दिली, तर ती परत करावीत. अहवाल म्हणजे आपल्या घराच्या कच्च्या भिंतींचा नकाशा. तो कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. पासवर्ड लावलेली फाइल दोन-तीन जबाबदार व्यक्तींकडे, पासवर्ड वेगळ्या मार्गाने. चाचणी करणाऱ्याने आपल्याकडची प्रत आणि टिपलेली माहिती अमुक तारखेपर्यंत पुसल्याचे लिहून द्यावे.

आणि दुरुस्ती. युनियन कार्बाइडच्या आपल्या शहरातल्या कारखान्याची पाहणी कंपनीच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी मे १९८२ मध्ये केली होती आणि उणिवांचा अहवाल दिला होता. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या त्या रात्री वायूच्या टाकीला थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा जोडलेला नव्हता. वेबसाइटची तुलना त्या रात्रीशी करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण अहवाल आला म्हणजे काम झाले, असे भोपाळमध्ये तरी कुणी समजू नये. दुरुस्ती कोण करणार, कधीपर्यंत, आणि त्यानंतर तेच दोष पुन्हा तपासायला चाचणी करणारा परत कधी येणार, हे पहिल्याच करारात लिहावे. पुनर्चाचणीचे पैसेही तेव्हाच ठरवावेत.

सगळ्यांनाच हे लागते का?

नाही. ज्या संस्थेच्या साइटवर फक्त कार्यक्रमांचे फोटो आणि पदाधिकाऱ्यांची नावे आहेत, तिने पैसे वाचवावेत. साइटचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, ॲडमिनला दुहेरी पडताळणी लावणे, पाच जणांत फिरणारा एकच पासवर्ड बदलणे, जुने पदाधिकारी गेल्यावर त्यांचे खाते बंद करणे, न लागणारी माहिती पुसणे: एवढे केले नसेल, तर चाचणीचा अहवाल हेच सांगेल आणि त्याचे बिलही येईल. आधी हे करावे, मग चाचणीचा विचार.

नागरी सहकारी बँकांचे वेगळे आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांच्यासाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने चार स्तर पाडले. डिजिटल सेवा जितक्या जास्त, तितक्या अटी कडक. आपल्यापैकी जे अशा बँकांच्या संचालक मंडळांवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत आपली बँक कोणत्या स्तरात आहे आणि मागच्या चाचणीच्या हद्दीत एटीएमचा दुवा होता का, एवढे दोन प्रश्न जरूर विचारावेत. व्यावसायिक कंपनी निवडताना सर्ट-इनने मान्यता दिलेल्या लेखापरीक्षकांची यादी उपलब्ध असते, ती बघावी.

आता मुलांसाठी. एखाद्या साइटवर न शोधता, सहज दोष दिसला, तर तिथेच थांबा. खात्री करण्यासाठी आणखी दहा आकडे बदलून बघू नका, स्टेटस टाकू नका, आणि "पैसे द्या, मग सांगतो" असे तर मुळीच लिहू नका. त्या संस्थेला कळवा. उत्तर आले नाही तर सर्ट-इनकडे असे दोष जबाबदारीने कळवण्याची व्यवस्था आहे. हात साफ करायचा असेल, तर सरावासाठीच बनवलेल्या, मुद्दाम सदोष ठेवलेल्या प्रणाली आपल्याच लॅपटॉपवर उतरवता येतात. अनेक कंपन्या आपले नियम जाहीर करून दोष शोधणाऱ्याला बक्षीसही देतात. तिथे हद्दीचे पान आधी शेवटपर्यंत वाचा, मग कीबोर्डला हात लावा.

परवानगीपत्राचा एक पानी मराठी-हिंदी नमुना आम्ही तयार केला आहे. त्यात हद्द, वर्ज्य गोष्टी, वेळ, फोन नंबर, चाचणी-खाती, माहिती पुसण्याची तारीख आणि पुनर्चाचणी यांच्या रकाने आहेत. संस्थेच्या कार्यालयात संध्याकाळी मागितल्यास मिळेल. सहीपूर्वी तो आपल्या वकिलांना एकदा दाखवून घ्यावा.